छायाचित्र म्हणजे निकाल नव्हे

हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेल्या बेशुद्ध रुग्णाच्या मेंदूचे स्कॅन पाहून 'आशा नाही' असे घाईने म्हणणे आम्हांस अमान्य आहे. २०२१ ची युरोपीय वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात : किमान ७२ तास थांबा, प्रतिकूल भाकितासाठी निदान दोन खुणा जुळू द्या. स्कॅन ही त्यांतली केवळ एक. बाहुल्यांची प्रतिक्रिया, मेंदूचा विद्युत्-आलेख, रक्ततपासणी याही पाहाव्यात. एकट्या चित्रावरून उपचार थांबवले, तर रुग्ण दगावतो आणि भाकीत आपोआप 'खरे' ठरते! निष्फळ यंत्रोपचार लादावेत, असे आम्ही म्हणत नाही. असाधारण उपाय बंधनकारक नाहीत, हे पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच स्पष्ट केले. परंतु निष्फळता आधी ठरू द्या. कुटुंबीयहो, निःसंकोच विचारा : किती तास झाले? दुसरी खूण कोणती?