विश्लेषण : हायड्रोजनवर मोटार धावेल, पण परवडेल का?

केंद्रीय रस्ते वाहतूकमंत्री नितीन गडकरी मार्च २०२२ मध्ये टोयोटाच्या ‘मिराई’ या हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीतून संसदेत पोहोचले, तेव्हा धुराऐवजी केवळ पाणी बाहेर टाकणाऱ्या या गाडीची देशभर चर्चा झाली. पुढच्याच वर्षी, जानेवारी २०२३ मध्ये, केंद्राने १९,७४४ कोटी रुपयांचे राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केले. हा पैसा जनतेचा आहे. त्यामुळे हे इंधन मोटारींत वापरावे की अन्यत्र, हा प्रश्न केवळ वाहनप्रेमींपुरता उरत नाही.

ही मोटार चालते कशी?

टाकीतील हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांचा ‘फ्युएल सेल’मध्ये संयोग होऊन वीज तयार होते आणि त्या विजेवर चाके फिरतात. म्हणजे ही एक प्रकारे विजेवरचीच मोटार. फक्त ती आपली वीज धावता धावता तयार करते. ‘मिराई’च्या तीन टाक्यांत मिळून ५.६ किलो हायड्रोजन मावतो. त्यासाठी तो वातावरणाच्या सुमारे ७०० पट दाबाखाली भरावा लागतो. टाकी पाचेक मिनिटांत भरते, हा तिचा मोठा फायदा.

विजेचा हिशेब काय सांगतो?

हायड्रोजन विहिरीतून उपसण्याचे इंधन नाही. ते बनवावे लागते. पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवण्यास ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो दाबाखाली भरण्याचा खर्च वेगळा. एक किलोत अशी मोटार साधारण १०० किलोमीटर धावते. तेवढ्याच अंतरासाठी बॅटरीवरील मोटारीला १५ ते २० युनिट पुरतात. म्हणजे हायड्रोजनच्या मार्गाने गेल्यास तेवढ्याच प्रवासासाठी जवळपास तिप्पट वीज, पर्यायाने तिप्पट सौर पॅनेल किंवा पवनचक्क्या लागतील.

तो खरोखरच प्रदूषणमुक्त आहे का?

ते तो कसा बनवला यावर ठरते. आज जगातील बहुतांश हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन बनवताना नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरला २० किलोमीटर धावणारी पेट्रोल मोटार १०० किलोमीटरमध्ये साडेअकरा किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडते. म्हणजे फरक नाममात्रच. धूर रस्त्याऐवजी कारखान्यात निघतो, इतकेच. म्हणूनच ‘हरित’ म्हणवण्यासाठी भारताने ऑगस्ट २०२३ मध्ये किलोमागे जास्तीत जास्त दोन किलो उत्सर्जनाची मर्यादा घातली.

अन्यत्र अनुभव काय?

गाड्या नाहीत म्हणून पंप परवडत नाहीत आणि पंप नाहीत म्हणून गाड्या खपत नाहीत, हे दुष्टचक्र सगळीकडे दिसते. अमेरिकेत हायड्रोजन मोटारींची मुख्य बाजारपेठ असलेल्या कॅलिफोर्नियातील आपले मोटारींसाठीचे सर्व पंप शेल कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केले. घरच्या प्लगवर चार्ज होणाऱ्या मोटारीपुढे ही अडचण उभीच राहत नाही.

मग हायड्रोजनचा उपयोग कुठे?

दूरवर जड माल वाहणाऱ्या ट्रकसाठी बॅटरी वजनदार पडते आणि चार्जिंगमध्ये वेळ जातो. तेथे हायड्रोजनला वाव असू शकतो. मार्च २०२५ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पथदर्शी प्रकल्पांत ३७ वाहने आहेत, ती सर्व बस आणि ट्रक; मार्गांमध्ये पुणे-मुंबईचाही समावेश आहे. मात्र त्याहून निकडीची गरज खत कारखाने आणि तेलशुद्धीकरण प्रकल्पांची आहे. देशात आज वापरला जाणारा हायड्रोजन प्रामुख्याने तेथेच खपतो आणि तो जवळपास सगळा जीवाश्म इंधनांपासून बनतो. युरियासाठी लागणाऱ्या अमोनियाला तर हायड्रोजनवाचून पर्यायच नाही.

२०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजनचे उद्दिष्ट गाठले, तरी तो मौल्यवानच राहील. ज्या मोटारीपुढे स्वस्त आणि सोपा पर्याय उभा आहे, तिच्या टाकीत तो ओतण्यापेक्षा जेथे दुसरा पर्याय नाही तेथे तो आधी पोहोचवणे, हेच अभियानाच्या यशाचे माप असायला हवे.