वाचक पहिलीतला हवा

शाळेचं हस्तलिखित म्हणजे स्नेहसंमेलनात पाहुण्यांनी चाळायचं आणि मग मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलूपबंद व्हायचं, असा आपल्याकडचा रिवाज. त्यापेक्षा नववीच्या मुलांना पहिलीच्या पोरांसाठी चित्रपुस्तक करायला बसवावं. चिपळूण तालुक्यातल्या अलोऱ्यात तर विषय दारातच आहे: कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीला उतरतं, चक्रं फिरवतं, कोळकेवाडी धरणात साठतं, तिथं पुन्हा राबतं (चांगलं ३२० मेगावॉटच्या केंद्रात!) आणि मगच वाशिष्ठीला मिळतं. हे सहा वर्षांच्या वाचकाला पानाला एक वाक्य या हिशेबानं सांगायचं, तर ‘निसर्गरम्य’, ‘वरदान’ वगैरे निबंधातली मंडळी आपोआप गळतात. चित्रात धरण दिसतंय, मग खाली ‘हे धरण आहे’ कशाला? ही काटकसर शिकायला २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळालेल्या माधुरी पुरंदरेंची पुस्तकं उघडावीत. लिहितात त्याच, चित्रंही त्याच काढतात. खर्च किरकोळ. मोठ्या कागदाला तीन घड्या घालून कडा कापल्या की सोळा पानं, वर सुई-दोरा. परीक्षक मात्र पहिलीचा वर्गच. जिथं पोरं जांभई देतील, ते पान पुन्हा काढायचं. आणि तात्पर्याला एकही पान द्यायचं नाही, गुरुजी कितीही रुसले तरी.