फुकटच्या पिशवीला मोल लावा

शाळेत आम्ही एक उर्दू म्हण शिकलो होतो : 'माले मुफ्त, दिले बेरहम'. माल फुकटचा असला की तो उधळताना मन कचरत नाही. आमच्या दुकानात मीटरने घेतलेल्या कापडाची उरलेली चिंधीही गिऱ्हाईक मागून घेते. फुकटची पिशवी मात्र एस.टी. स्टँडपर्यंत पोहोचण्याआधीच गटारात पडते.

आमच्या दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या पाण्याचे असेच होते. पट्टी पिकावर आणि क्षेत्रावर ठरे. ती भरली की पाणी कितीही सोडा, पैसे तेवढेच. कालव्याच्या शेपटाला, निफाड तालुक्यातील ओझरकडे, शेते कोरडी राहत. १९९०-९१ साली बापू उपाध्ये व त्यांच्या समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने तेथे शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या. पाणी मोजून मिळू लागले आणि मापाप्रमाणे पैसे द्यावे लागले. वाचलेले पाणी आपल्याच कामी येते हे पटल्यावर शेतकरी स्वतःच काटकसर करू लागला. २००५ च्या राज्य कायद्याने ही मोजून पाणी देण्याची रीत उचलून धरली.

प्लॅस्टिकच्या बाबतीत सरकारने मुख्य भर दंडावर दिला. २०१८ च्या बंदीत पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये, दुसऱ्याला १०,०००, तिसऱ्याला २५,००० व कैद. पथक आले की पिशव्या लपतात, गेले की बाहेर येतात. त्याच अधिसूचनेत दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची तरतूद होती. ते पैसे आमच्या ओळखीत कोणाच्या हातात पडलेले आम्ही पाहिले नाहीत. आयर्लंडने २००२ मध्ये पिशवीवर १५ सेंट कर लावला, तेव्हा पिशव्यांचा वापर सुमारे ९० टक्क्यांनी घटला.

व्यापारी बांधवांनो, एकट्या दुकानदाराने पिशवीचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक शेजारी जाते. म्हणून बाजारपेठेतील सर्वांनी एकाच दिवसापासून कापडी पिशवीचे दहा रुपये घ्यावेत आणि पिशवी परत आणणाऱ्याला दहाचे दहा द्यावेत. गरिबावर बोजा पडणार नाही. आमच्याकडे पडून राहिलेल्या कटपीसला गिऱ्हाईक मिळेल, शिलाईवाल्या भावा-बहिणींना काम मिळेल.

सरकारनेही दुधाच्या पिशवीचे पैसे दुकानातूनच परत द्यावेत, दुकानदाराला थोडे कमिशन द्यावे. दंडाची भीती पथकासोबत येते आणि जाते. स्वतःच्या खिशाचा हिशेब मात्र माणूस रोज करतो.