दाद द्या, गुण देऊ नका

"अरे, याला कुणीतरी डॉक्टरकडे न्या."

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला हॉस्टेलच्या खोलीत मी साएटिया या बँडचा अल्बम स्पीकरवर लावला, तेव्हा माझ्या बार्शीच्या रूममेटची ही पहिली प्रतिक्रिया होती. मी अर्थातच चिडलो. याला काय कळणार, असं मनात म्हणत हेडफोन लावले आणि भिंतीकडे तोंड करून बसलो. तीन-चार दिवसांनी तोच म्हणाला, "ते परवाचं लाव की जरा. तो ओरडतो त्याचं काही नाही रे. मधेच सगळं गप होतं ना, तवा भ्या वाटतं."

या गोष्टीला आता आठेक वर्षं झाली. या काळात मी त्या अल्बमबद्दल शेकडो श्रोत्यांची मतं वाचली असतील. इतकं नेमकं मत मला पुन्हा सापडलं नाही. माझं भांडण उरलेल्या शेकडो मतांशी आहे, आणि त्यांतली काही माझी स्वतःची आहेत.

ज्यांनी हे नाव ऐकलेलं नाही (म्हणजे जवळपास सगळ्यांनी) त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. हार्डकोर पंक या आधीच वेगवान आणि कर्कश संगीतातून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत, विशेषतः सॅन डिएगोच्या आसपास, स्क्रीमो निघालं. त्यात गायक गात नाही, किंचाळतो. गाणी छोटी असतात, वाद्यं एकमेकांवर कोसळतात आणि मग अचानक गिटारचे दोन-चार सुटे स्वर उरतात. साएटिया हा न्यूयॉर्कचा बँड. १९९७ साली सुरू झाला, १९९९ साली संपला. स्वतःच्याच नावाचा एक अल्बम १९९८ सालचा. विखुरलेलं काम एकत्र करणारं एक संकलन २००१ साली आलं, तेव्हा बँड अस्तित्वात नव्हता. नाव घेतलं होतं माइल्स डेव्हिसच्या 'स्केचेस ऑफ स्पेन' या अल्बममधल्या 'साएटा' या रचनेवरून, पण स्पेलिंग चुकवून. मंडळी पुन्हा एकत्र वाजवायला उभी राहिली ती थेट २०२२ साली.

आता हिशोब करा. १९९९ ते २०२२, म्हणजे तेवीस वर्षं हा बँड नव्हता. मग त्या काळात होतं काय? काही रेकॉर्ड्स आणि ऐकणारे. मोठ्या बँडमागे कंपनी असते, जाहिरात असते, चरित्रं लिहिणारे असतात. तिथे तुमचं-माझं मत म्हणजे समुद्रात लोटाभर पाणी. इथे तो लोटा हाच समुद्र. कुणीतरी ऐकलं, दुसऱ्याला सांगितलं, त्याने तिसऱ्याला फाइल पाठवली, असं करत हा अल्बम न्यूयॉर्कहून माझ्या हॉस्टेलपर्यंत आला. छोट्या बँडच्या बाबतीत श्रोत्याचं मत हाच इतिहास असतो. दुसरा कुणी लिहीत नाही. म्हणून त्या मताची जबाबदारी मोठी, आणि आपण ती अत्यंत आळशीपणे पार पाडतो.

आळसाचा पहिला प्रकार म्हणजे आकडा. साडेतीन स्टार. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, असल्या आकड्यांची गणितं हातून गेलेली आहेत, म्हणून आतली गोष्ट सांगतो. एकाने पाच दिले आणि एकाने एक दिला, तर सरासरी तीन. दोघांनी कंटाळून तीन-तीन दिले, तरी सरासरी तीनच. पहिल्या अल्बमने एकाला हलवलंय आणि एकाला पळवून लावलंय, दुसऱ्याने दोघांनाही जांभई आणलीय. आकड्याला हे दोन्ही सारखेच. याहून वाईट पुढे आहे. मतं कमी असली की त्यांच्यावर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न येतो. त्यावरचा नेहमीचा उपाय असा, की कमी मतं मिळालेल्या गोष्टीचा आकडा सगळ्यांच्या सरासरीकडे ओढायचा. गणित म्हणून हे योग्यच आहे. दोन मित्रांनी पाच-पाच स्टार दिले म्हणून कुणी यादीत पहिला येऊ नये. पण त्याचा अर्थ काय होतो पाहा. तुला फार कुणी ऐकलेलं नाही, म्हणून तू सामान्य आहेस, असं यंत्र त्या बँडला सांगतं. आणि आपण ते मत समजून वाचतो.

दुसरा प्रकार सोवळ्यातल्यांचा. दोन हजारच्या दशकात मोठ्या कंपन्यांच्या गुळगुळीत बँड्सनाही 'स्क्रीमो' म्हटलं जाऊ लागलं, तेव्हा जुन्या श्रोत्यांनी 'आमचं ते खरं' सांगण्यासाठी 'स्क्रॅम्झ' असा निम्मा थट्टेचा शब्द काढला. थट्टा विरली, शिवाशिव उरली. अमुक बँड अस्सल, तमुक बाटलेला. या अल्बमवर चर्चा सुरू झाली की पाचव्या वाक्याला गोत्र काढलं जातं आणि संगीत बाजूला पडतं. मला या मंडळींना एवढंच विचारायचंय, की तुम्ही तरी तिथे होतात का? आपल्यातल्या बहुतेकांना हा बँड मेल्यानंतरच भेटला. माझा तर जन्मच त्या अल्बमच्या आसपासचा. वारसदार म्हणून आपण सगळेच दत्तक आहोत, मग घराण्याचा एवढा ताठा कशाला?

तिसरा प्रकार, "याला काय संगीत म्हणायचं?" हा वरवर सगळ्यात दुष्ट वाटतो, पण मला त्याचा राग सगळ्यात कमी येतो. निदान त्या माणसाच्या कानाला काहीतरी टोचलेलं असतं. त्याने आणखी एक पाऊल टाकावं, कुठे टोचलं ते सांगावं, एवढंच माझं म्हणणं.

हे सांगण्यासाठी आपल्याकडे एक जुना, चांगला शब्द आहे: दाद. मैफल संपल्यावर उठून "साडेसात गुण" असं कुणी म्हणत नाही. दाद मैफल चालू असताना, त्या त्या जागेला दिली जाते. समेवर मान हलते, एखाद्या हरकतीला "क्या बात है" निघून जातं. चुकीच्या जागी वाहवा केली, तर शेजारचे वळून बघतात आणि आपण किती पाण्यात आहोत ते उघडं पडतं. दादेत धोका आहे. स्टारमध्ये काहीच धोका नाही, म्हणून तर तो इतका सोपा. माझ्या रूममेटने त्या दिवशी दाद दिली होती. "गप होतं तेव्हा भीती वाटते" हे त्या अल्बममधल्या एका जागेबद्दलचं विधान होतं. ते ऐकल्यावर मी पहिल्यांदा शांततेसाठी तो अल्बम ऐकला, आणि मग ओरडणंही वेगळं ऐकू यायला लागलं.

बँडच्या एका गाण्याचं नाव आहे 'रोकँतँ'. हा सार्त्रच्या १९३८ सालच्या 'ला नोझे' या कादंबरीचा नायक. जगण्याची मळमळ झालेला हा माणूस एका कॅफेत जुनी, झिजलेली जॅझची रेकॉर्ड ऐकतो आणि त्याची मळमळ काही वेळापुरती थांबते. शेवटी त्याला त्या गाण्याचा कर्ता आणि गायिका आठवतात, आणि आपणही एखादं पुस्तक लिहावं असं वाटू लागतं. गंमत म्हणजे त्याची माहिती उलटी आहे. तो कर्ता ज्यू आणि गायिका कृष्णवर्णीय समजतो. प्रत्यक्षात 'सम ऑफ दीज डेज' लिहिणारे शेल्टन ब्रूक्स कृष्णवर्णीय होते आणि ते गाजवणारी सोफी टकर ज्यू. तपशील चुकला, तरी रेकॉर्ड ऐकताना आपल्या शरीरात काय झालं ते त्याने सांगितलं, म्हणून आपण अजून वाचतो. त्या रेकॉर्डला त्याने साडेतीन स्टार दिले असते तर?

यावर कुणी म्हणेल, मत ही ज्याची त्याची गोष्ट, तू कोण नियम लावणारा? बरोबर. मी सहमती मागत नाही. कौतुक तर अजिबात मागत नाही. "दडलेला मास्टरपीस" हे कौतुक मला साडेतीन स्टारइतकंच निरुपयोगी वाटतं. तुम्ही अल्बम अर्ध्यात बंद केलात? उत्तम. कुठल्या गाण्याला, आणि त्या क्षणी नेमकं काय नकोसं झालं, ते सांगा. मला ते वाचायचंय.

आता कबुली. एकोणिसाव्या वर्षी मी या अल्बमला पाच स्टार दिले आणि खाली "मास्टरपीस" असं लिहिलं, तेव्हा मी तो दोनदाच ऐकला होता, त्यातला दुसऱ्या वेळी अर्धाच. मला आवडला म्हणून दिले नव्हते. ज्यांना कळतं त्यांच्यात आपण मोजले जावं, म्हणून दिले होते. रूममेटसमोर भिंतीकडे तोंड करून बसलो, तेही त्याचसाठी. म्हणजे वर ज्या तीन प्रकारांना शिव्या घातल्या, त्यांतले दोन मी एकट्याने पार पाडले होते.

रूममेटने नंतर कधी स्क्रीमो ऐकलं नाही. त्याला तो अल्बम आवडला असंही तो कधी म्हणाला नाही. कुणी गुण मागितले असते, तर त्याने बहुधा एक दिला असता आणि माझे पाच आणि त्याचा एक मिळून तीन झाले असते. त्या तीनमध्ये माझं खोटं आणि त्याचं खरं, दोन्ही सारख्याच वजनाने बुडालं असतं. त्याचं वाक्य तेवढं उरलं, कारण ते त्याने मला तोंडी सांगितलं होतं.