मध्यरात्रीची भेट



मागच्या आठवड्यात आम्ही वर्गात भारताचा नकाशा टांगला होता. एक मुलगी त्यावर बोट फिरवून म्हणाली, "बाई, मुंबई दूर, दिल्ली दूर, कोलकाता दूर. आपलं कन्हान त साऱ्यांपासूनच दूर आहे न!"

वर्ग हसला. पण तिचं काही चुकलं नव्हतं. आपल्या स्टेशनातून जाणाऱ्या मुंबई-हावडा गाड्यांना आजही पूर्ण प्रवासाला तीस तासांच्या आसपास लागतात. मात्र असं सगळ्यांपासून दूर असणंही एकदा देशाच्या फार कामी आलं होतं, बरं का!

एक दोरा घ्या आणि नकाशावर मुंबई ते कोलकाता ताणून धरा. हे हवाई अंतर सुमारे १,६६५ किलोमीटर. दुसरा दोरा दिल्ली ते चेन्नई ताणा. हे सुमारे १,७६० किलोमीटर. दोन्ही दोऱ्यांची फुली कुठं पडली? आपल्या नागपूरच्या अगदी जवळ! म्हणजे मुंबईहून नागपूरमार्गे कोलकात्याला गेलं, तरी जेमतेम पाचेक किलोमीटर जास्त पडतात.

हीच गोष्ट हेरून जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास (आजचं चेन्नई) इथून रात्री एकेक विमान निघायचं. मध्यरात्रीच्या सुमारास चौघांची भेट व्हायची ती आपल्या सोनेगावच्या विमानतळावर. तिथं टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल झाली, की प्रत्येक विमान आल्या वाटेनं आपल्या गावी परत! दिल्लीचं पत्र रात्रीतून मद्रासला पोचायचं.

आता थोडं गणित. चार शहरं एकमेकांना थेट जोडायची, तर जोड्या होतात सहा. जाणारं एक आणि येणारं एक, म्हणजे रोज बारा उड्डाणं. नागपुरात भेटायचं ठरवलं, तर विमानं लागतात फक्त चार! अर्थात थोडी किंमत मोजावी लागे. मुंबई-मद्रास थेट अंतर १,०३० किलोमीटरच्या आसपास, पण नागपूरमार्गे ते जवळजवळ १,६०० होतं. पत्राला मात्र रात्रभर फिरायचा कंटाळा येत नाही!

या बेतात एक मेख होती. एक विमान उशिरा आलं, की त्याच्या पिशव्यांसाठी बाकीच्या तिघांनी थांबायचं. नाहीतर त्या शहराचं टपाल राहून जाणार. म्हणून चौघांनी जवळपास एकाच वेळी पोचणं फार महत्त्वाचं. आता जेट विमान मुंबईहून दीड तासात येतं. तेव्हाची डाकोटा विमानं बरीच हळू होती.

मग सोडवा पाहू हे कोडं. नागपूरहून अंतरं अशी: मुंबई ६८५, दिल्ली ८५५, मद्रास ९१०, कोलकाता ९८५ किलोमीटर. वेग ताशी २७५ किलोमीटर धरा. चौघांनाही रात्री बरोबर बारा वाजता पोचायचं आहे. कोणतं विमान किती वाजता सोडाल?

आमच्या वर्गात हे गणित सर्वांत आधी कोणी सोडवलं, सांगू? "साऱ्यांपासून दूर" म्हणणाऱ्या त्याच मुलीनं! वही दाखवत म्हणाली, "बाई, आपण दूर नाही, आपण त मधात आहोत!"

तुमच्या बाई