स्तनशस्त्रक्रिया : कॅटलॉगआधी शरीराचे माप

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये स्तनांच्या इम्प्लांटवर चौकटीतला इशारा छापणे बंधनकारक केले. धोक्यांची यादी समजावून त्यावर रुग्णाची सही घेणाऱ्या डॉक्टरांना आणि रुग्णालयांनाच ती विकता येतील, अशी अटही घातली. इम्प्लांट ही आयुष्यभर टिकणारी वस्तू नाही, असे त्या इशाऱ्यात स्पष्ट म्हटले आहे. या निर्णयानंतरची बहुतेक चर्चा वस्तूभोवती फिरली. ती वस्तू ज्या शरीरात बसवायची, त्या शरीराच्या मूळ घडणीबद्दल मात्र फारसे बोलले गेले नाही. वास्तविक शस्त्रक्रियेचे यशापयश बऱ्याच अंशी तिथेच ठरते.

सिलिकॉनचे पहिले इम्प्लांट १९६२ मध्ये ह्यूस्टन येथे टिमी जीन लिंडसे या महिलेवर बसवण्यात आले. गंमत अशी, की त्या गोंदण काढून घेण्यासाठी रुग्णालयात गेल्या होत्या. स्तन वाढवण्याची कल्पना डॉक्टरांची. तेव्हापासून ‘किती मोठे’ हाच प्रश्न या व्यवसायाच्या केंद्रस्थानी राहिला. ब्राच्या कपाचा आकार सांगून शस्त्रक्रिया मागणाऱ्या स्त्रिया आजही असतात. पण कप हे काही प्रमाणित माप नव्हे. कंपनी बदलली की तेही बदलते.

जाणकार शल्यविशारद मोजपट्टीपासून सुरुवात करतो. छातीवरील स्तनाच्या पायाची रुंदी किती, गळ्याच्या खाचेपासून स्तनाग्रापर्यंतचे अंतर किती, स्तनाग्रापासून खालच्या घडीपर्यंत त्वचा किती आणि ती किती ताणली जाते, हे तो पाहतो. स्तनाच्या वरच्या भागातील त्वचा चिमटीत धरल्यावर जाडी दोन सेंटिमीटरहून कमी भरली, तर इम्प्लांटची कड बाहेरून दिसण्याची भीती असते. अशा वेळी ते बहुधा छातीच्या स्नायूखाली बसवावे लागते. पायाच्या रुंदीपेक्षा मोठे इम्प्लांट आग्रहाने बसवले, तर ते काखेकडे सरकते किंवा दोन्ही स्तनांमधील जागा नाहीशी करते. त्वचा पातळ होत जाते ती वेगळीच. थोडक्यात, मर्यादा शरीराने आधीच घातलेली असते.

सर्वाधिक गैरसमज ओघळलेल्या स्तनांबाबत आढळतो. बाळंतपणानंतर किंवा वजन बरेच घटल्यावर स्तन रिकामे झाल्यासारखे वाटतात आणि ‘थोडे भरून घेतले’ की काम होईल असे वाटते. स्तनाग्र खालच्या घडीच्या वर असेल, तर ते पुष्कळदा खरेही ठरते. ते घडीच्या खाली उतरलेले असेल, तर नुसते इम्प्लांट ओझ्यात भर घालते आणि काही काळाने तेही खाली येते. तिथे जादा त्वचा काढून स्तन उचलण्याची शस्त्रक्रिया करावी लागते. तिचे व्रण राहतात : कधी स्तनाग्राभोवतीच्या वर्तुळापुरते, कधी तिथून खाली उभे, तर कधी घडीच्या रेषेत आडवेही. व्रण नकोत म्हणून केवळ इम्प्लांट सुचवणारा डॉक्टर रुग्णाला हवे ते ऐकवत असतो, इतकेच.

काही स्त्रियांच्या स्तनांचा पाया जन्मतःच अरुंद आणि खालचा भाग आवळलेला असतो. स्तन नळीसारखे दिसतात. तिथे आवळलेले ऊतक आतून मोकळे केल्याशिवाय कोणतेही इम्प्लांट नीट बसत नाही. दोन्ही स्तनांत थोडाफार फरक तर बहुतेक स्त्रियांमध्ये असतो. तो आधी दाखवून दिला नाही, तर नंतर शस्त्रक्रियेचा दोष म्हणून पुढे येतो.

उपलब्ध पर्यायही आता आक्रसले आहेत. वर निमुळते आणि खाली भरीव असे थेंबाच्या आकाराचे इम्प्लांट सपाट छातीच्या स्त्रियांना सोयीचे मानले जाई. ते आत फिरू नये म्हणून त्याचा पृष्ठभाग खरखरीत ठेवलेला असतो. मात्र इम्प्लांटभोवतीच्या आवरणात उद्भवणाऱ्या एका दुर्मीळ लसिका-कर्करोगाचा संबंध प्रामुख्याने खरखरीत पृष्ठभागाशी आढळला. एप्रिल २०१९ मध्ये फ्रान्सने अतिखरखरीत इम्प्लांटवर बंदी घातली आणि जुलैमध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपली ‘बायोसेल’ उत्पादने जगभरातून परत बोलावली. लक्षणे नसतील तर ती शरीरातून काढण्याची गरज नाही, असे अमेरिकी प्रशासनाने तेव्हाच स्पष्ट केले. गुळगुळीत आणि गोल इम्प्लांटचे महत्त्व मात्र वाढले. गोल इम्प्लांट फिरले तरी बिघडत नाही. पण नैसर्गिक उतार साधण्याचा भार माप घेणाऱ्याच्या कौशल्यावर येतो. स्वतःच्या पोटाची वा मांडीची चरबी भरण्याचा पर्याय आहे, पण तीतली काही शरीर शोषून घेते आणि त्यातून आकार माफकच वाढतो.

भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने यात पैशाचाही प्रश्न आहे. विमा नियामक प्राधिकरणाच्या २०१९ च्या नियमांनुसार केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विमा कंपन्यांना वगळता येते. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा वैद्यकीय निकड असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे तिशीत हौसेने बसवलेले इम्प्लांट पुढे फुटले, किंवा त्याभोवतीचे आवरण आवळून दुखू लागले, तर दुसऱ्या शस्त्रक्रियेचा खर्चही बहुधा त्या स्त्रीलाच सोसावा लागेल. पहिल्या भेटीत ‘पॅकेज’चा आकडा सांगितला जातो. आपल्या स्तनाच्या पायाची रुंदी किती भरली आणि सुचवलेले इम्प्लांट त्यात कसे बसते, हा आकडा मात्र तिला मागूनच घ्यावा लागतो.