अवघड निदान आणि वैद्याची वाणी

अर्भक जन्मतःच काही वेगळ्या गरजा घेऊन आले आहे, हे मातापित्यांना कसे सांगावे, या विषयावर आपल्या परिसंवादांत अभावानेच चर्चा होते. गर्भिणी परिचर्या, वंध्यत्व, सुवर्णप्राशन यांवरील निबंधांना मात्र तोटा नाही.

मुळशी तालुक्यातील मारुंजी हिंजवडीच्या माहिती तंत्रज्ञान नगरीला लागून आहे. गावठाणातील जुनी घराणी आणि उंच इमारतींत आलेली तरुण दांपत्ये, दोघांचीही बाळे अशा गावातील वैद्याकडे येतात. प्रसूती मोठ्या रुग्णालयात झालेली असली, तरी तेथे घाईत सांगितलेल्या शब्दांचा अर्थ विचारावयास लोक ओळखीच्या वैद्याकडेच येतात. गावठाणात आजी बोलते, इमारतीत रात्रभर संगणकावर शोध घेतलेला पिता बोलतो. प्रश्न मात्र एकच असतो, ‘आमचे काय चुकले?’

या प्रश्नापाशी आपले शास्त्र पणाला लागते. ग्रहणात भाजी चिरली म्हणून ओठ दुभंगला, डोहाळे पुरवले नाहीत म्हणून बाळ असे झाले, असे घरची मंडळी सुनेला ऐकवतात आणि काही वैद्यही मान डोलावतात. चरकाचार्यांनी शारीरस्थानात बीज, आत्मकर्म, आशय, काल आणि मातेचा आहारविहार ही कारणे एकत्र सांगितली आहेत. त्यांतील शेवटचे तेवढे उचलून बाळंतिणीच्या माथी मारणे हा शास्त्राचा विपर्यास होय. डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत असते, हे १९५९ साली सिद्ध झाले. ग्रहणाचा वा डोहाळ्यांचा त्याच्याशी काडीमात्र संबंध नाही, हे सासूच्या समक्ष, स्पष्ट शब्दांत सांगणे हेही चिकित्साकर्मच आहे.

सांगावे कसे? अमेरिकेत ब्रायन स्कॉटको यांनी डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मातांचे अनुभव २००५ मध्ये प्रसिद्ध केले. त्या मातांच्या अपेक्षा साध्या होत्या: पतिपत्नींना एकत्र, एकांतात आणि विनाविलंब सांगावे, आणि आधी बाळाच्या जन्माबद्दल अभिनंदन करावे. आपल्याकडे बहुधा पित्याला व्हरांड्यात बाजूला घेऊन सांगितले जाते आणि बाळंतिणीपासून चार दिवस लपविले जाते. दूध आटेल, ही त्यामागची भीती. पण सर्वांचे चेहरे उतरलेले तिला दिसत असतातच.

कोमलता म्हणजे दिरंगाई नव्हे. डाऊन सिंड्रोमच्या सुमारे निम्म्या बालकांत हृदयदोष आढळतो. इकोकार्डिओग्राफी लवकर न झाल्यास शस्त्रक्रियेची योग्य वेळ निघून जाऊ शकते. जन्मजात थायरॉईडन्यूनतेवर पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले, तर बुद्धीची हानी बहुतांशी टळते. श्रवणदोषाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत आणि उपाय सहाव्यापर्यंत व्हावेत. अशा वेळी ‘पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशन सुरू करा, वर्षभरात फरक दिसेल’ असे आश्वासन देणारा वैद्य त्या बालकाचे नुकसान करतो. हे लिहिणे काहींना रुचणार नाही, याची जाणीव आहे.

याउलट आपल्या परंपरेत जे खरे बळ आहे त्याकडे दुर्लक्ष होते. काश्यपसंहितेत वर्षाचे होऊनही न चालणाऱ्या बालकाला ‘फक्क’ म्हटले असून क्षीरज, गर्भज व व्याधिज असे त्याचे भेद सांगितले आहेत. तेथे औषधांबरोबर अभ्यंग आणि चालण्याच्या सरावासाठी तीन चाकांचा रथही वर्णिला आहे. आजच्या फिजिओथेरपिस्टला ही दृष्टी परकी वाटणार नाही. मातेने नित्य हाताने करावयाचा हलका अभ्यंग तिला बाळाशी जोडतो. तो तपासण्यांच्या सोबतीने व्हावा, त्यांच्या ऐवजी नव्हे.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या बालकांत जन्मदोष, व्याधी, कमतरता आणि विकासातील विलंब शोधणाऱ्या त्याच्या फिरत्या पथकांत दोन आयुष वैद्यांची योजना आहे. अंगणवाडीत बालक तपासणारे हात अनेकदा आपल्याच पदवीधरांचे असतात. मात्र पहिल्या सहा आठवड्यांतील अर्भक पाहण्याचे काम आशा कार्यकर्तीच्या गृहभेटींवर सोपविलेले आहे. मारुंजीसारख्या गावातील वैद्याने आपल्या आशाताईंचा आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावा, आणि संशय येताच त्याच दिवशी मातापित्यांच्या हाती पत्र द्यावे. त्यात आढळलेली लक्षणे, पुढे कोठे जावे आणि पुन्हा आपल्याकडे कधी यावे, हे मराठीत लिहिलेले असावे.